परवाना कोणाचा?



मी शाळा नववीत सोडली. पुढचे शिक्षण मशीनवर आणि युनियनच्या कचेरीत झाले. तेव्हा जुगार वाईट की चांगला यावर प्रवचन करण्याचा मला अधिकार नाही आणि तशी इच्छाही नाही. धर्मराजाने फासे टाकले त्या दिवसापासून ते प्रवचन चालू आहे, आणि फासेही चालूच आहेत. मला आज एक साधी गोष्ट समजावून सांगायची आहे. मोबाईलवरच्या कॅसिनोच्या पानाखाली बारीक अक्षरांत ‘आंतरराष्ट्रीय परवानाधारक’ असे लिहिलेले असते. त्या शब्दांचा नेमका अर्थ काय?

हा प्रश्न मला पुस्तकात सापडला नाही. हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी काम करणारा आमचा एक सभासद पतपेढीच्या कर्जाचा अर्ज घेऊन माझ्याकडे आला. अर्जात कारण लिहिले होते ‘घरदुरुस्ती’. याच कारणासाठी चार महिन्यांपूर्वी त्याने भविष्यनिर्वाह निधीतून उचल घेतली होती. मी विचारले, “अरे, तुझं घर वर्षात किती वेळा पडतं?” तो बराच वेळ खाली मान घालून बसला. मग म्हणाला, “भाऊ, घर नाही पडलं.” एक लाख ऐंशी हजार रुपये गेले होते. आणखी विचारल्यावर त्याने मोबाईल काढून दाखविला. पडद्यावर त्याच्या नावे चाळीस हजार रुपये जमा दिसत होते. परंतु ते हाती येत नव्हते. काढायला गेले की ‘आधी कर भरा’ असा निरोप येई. मी सट्टा हा शब्द उच्चारला तेव्हा त्याला राग आला. “सट्टा नाही भाऊ, लायसनवाला आहे. इंटरनॅशनल. तुम्ही युनियनच्या कागदावर एक पत्र लिहून द्या, म्हणजे ते पैसे सोडतील.”

मंडळी, मी आयुष्यात हजारो पत्रे लिहिली. व्यवस्थापकाला लिहिली, कामगार आयुक्ताला लिहिली, मंत्र्यालाही लिहिली. या पत्रावर पत्ता काय घालावा हे मला कळेना. त्या पत्त्याचा शोध हेच आजचे माझे व्याख्यान आहे.

या विद्येत मला गुरू भेटला तो वयाने माझ्या मुलाएवढा. लक्ष्मीभुवन चौकाजवळ राहणाऱ्या एका सहकाऱ्याचा हा मुलगा मोबाईलवर आणि संगणकावर व्हिडिओ गेम खेळतो. स्पर्धांत भाग घेतो, बापाच्या शिव्या खातो आणि पुन्हा खेळतो. माझी समजूत अशी होती, की त्याचा खेळ आणि आमच्या सभासदाचा खेळ ही एकाच माळेची दोन मणी आहेत. त्याने ती समजूत दुरुस्त केली. तो म्हणाला, “काका, मी गेममध्ये मेलो तर का मेलो ते मला कळतं. दुसऱ्या दिवशी ती चूक मी करत नाही. कॅसिनोत शंभर दिवस खेळा, शंभराव्या दिवशीही तुम्ही पहिल्या दिवसाइतकेच अडाणी असता.”

कसब आणि दैव यांतला फरक न्यायाधीशांनी मोठमोठ्या निकालपत्रांत सांगितला आहे; या मुलाने तो तीन वाक्यांत सांगितला. सराव केल्याने ज्याचा हात सुधारतो तो खेळ. ज्याचा हात सुधारत नाही, केवळ सवय लागते, तो जुगार. कॅसिनोच्या यंत्रात एक यादृच्छिक आकडा निघतो आणि चित्रे फिरण्यापूर्वीच निकाल ठरलेला असतो. फिरणारी चित्रे, वाजणारी नाणी आणि ‘थोडक्यात हुकले’ असे भासविणारी तिसरी रांग हा सगळा देखावा असतो.

परंतु त्या मुलाने दुसरी गोष्टही प्रामाणिकपणे सांगितली, की खेळाच्या वाड्यातूनच कॅसिनोकडे जाणारी एक मागची बोळ आहे. कित्येक गेममध्ये पैसे देऊन बंद पेटी विकत घेता येते. आत काय निघेल ते ठाऊक नसते. बेल्जियमच्या जुगार-नियंत्रकांनी २०१८ साली अशा काही पेट्या हा जुगारच होय असे ठरविले. ‘काउंटर-स्ट्राइक’ या गेममध्ये बंदुकांवर चढवायची रंगीत आवरणे मिळतात. बाहेरच्या काही मंडळींनी त्या आवरणांनाच चकत्या मानून जुगाराचे अड्डे उघडले. २०१६ साली व्हॉल्व्ह या गेमच्या कंपनीला अशा अड्ड्यांना धंदा बंद करण्याच्या नोटिसा पाठवाव्या लागल्या. तेव्हा मूल गेम खेळते म्हणून ओरडण्यापेक्षा, खेळता खेळता ते पैसे कशासाठी देते हे पालकांनी पाहावे. काळजीची जागा ती आहे.

आता थोडे गणित करू. माझ्या पिढीच्या कामगारांना मटका ठाऊक आहे. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातील भावांच्या आकड्यांवर मुंबईत पैसे लागत. १९६१ साली ते आकडे बंद झाले आणि मग चिठ्ठ्या व पत्ते काढून आकडे निघू लागले. गिरणगावात पाळी सुटली की आकडा लावणाऱ्यांची गर्दी होई. मटक्यात दहा आकड्यांपैकी एकावर रुपया लावला आणि तो आला, तर साधारण नऊ रुपये मिळत. म्हणजे रुपयामागे दहा पैसे मटकेवाल्याचे. दिवसातून आकडे दोन वेळा, उघडताना आणि बंद होताना. प्रत्येक वेळी दहा रुपये लावणाऱ्याचे सरासरी नुकसान रोजचे दोन रुपये.

मोबाईलवरचे यंत्र मटक्याहून उदार दिसते. समजा ते शंभरातले शहाण्णव रुपये परत देते आणि चारच ठेवते. सदतीस घरांचे रूलेट तर शंभरातले दोन रुपये सत्तर पैसेच ठेवते. मग हे बरे नव्हे काय? नाही, कारण येथे टक्क्याइतकाच वेगही मोजावा लागतो. सहा सेकंदांना एक फेरा धरला तर तासात सहाशे फेरे होतात. दर फेऱ्याला दहा रुपये म्हणजे तासाला सहा हजारांची उलाढाल, आणि तिचे चार टक्के म्हणजे दोनशे चाळीस रुपये. मटका दिवसाला दोन रुपये खात होता, हे यंत्र तासाला दोनशे चाळीस खाते आणि तरीही स्वतःला उदार म्हणवते. कारखान्यात मालक कामाचा दर कमी न करता मशीनचा वेग वाढवितो, तेव्हा कामगाराचे काय होते ते आम्ही जाणतो. तीच युक्ती येथे खिशावर चालविली आहे.

‘बोनस’चेही तसेच. आम्ही बोनससाठी संप केले. हा बोनस मागितल्याशिवाय मिळतो, तेव्हाच सावध व्हावे. हजार रुपये बोनस मिळतो, पण तो काढण्यापूर्वी त्याच्या पस्तीसपट रकमेचे डाव लावले पाहिजेत अशी अट असते. पस्तीस हजारांचे चार टक्के म्हणजे चौदाशे. हजाराच्या भेटीसाठी सरासरी चौदाशेचा खड्डा.

मग माणूस थांबत का नाही? अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी कबुतरांवर प्रयोग केले. ठराविक टोच्यांनंतर दाणा मिळाला तर कबूतर दाणा खाऊन जरा विसावते. किती टोच्यांनंतर दाणा पडेल याचा नेम नसला, की ते न थांबता टोचत राहते. आमच्या सभासदाला मी मूर्ख म्हणत नाही, ते याच कारणाने. ज्याला उद्या कंत्राट राहील की नाही याचा भरवसा नाही, त्याचे सगळे आयुष्यच बेनेम दाण्याचे असते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पहिली गोष्ट ही, की ‘आंतरराष्ट्रीय परवाना’ नावाची वस्तू जगात नाही. साऱ्या जगासाठी कॅसिनोला परवाना देणारी कोणतीही संस्था अस्तित्वात नाही. परवाना असतो तो कोणत्या तरी एका देशाचा. तो देश कोणता आणि त्याने कोणाच्या रक्षणासाठी तो दिला, हे पाहिल्यावरच त्याची किंमत ठरते.

क्युरासाओ हे कॅरिबियन समुद्रातले, व्हेनेझुएलाजवळचे, सुमारे दीड लाख वस्तीचे बेट आहे. तेथे १९९३ च्या कायद्याखाली मोजक्या कंपन्यांना मूळ परवाने मिळाले. या कंपन्या पुढे आपल्या परवान्याखाली इतर असंख्य कॅसिनोंना पोटपरवाने देत. आमच्या भाषेत सांगायचे तर कंत्राटदाराचा पोटकंत्राटदार! तक्रार कोणाकडे करायची हा प्रश्न तेथेही तसाच हवेत राही. या पद्धतीची फार नाचक्की झाल्यावर २०२४ च्या डिसेंबरात तेथे नवा कायदा आला.

भूमध्य समुद्रातील माल्टा या बेटाचे नियम अधिक कडक मानले जातात. परंतु तेथील संसदेनेही २०२३ साली असा कायदा केला, की आमच्या परवान्याप्रमाणे कायदेशीर असलेल्या धंद्याविरुद्ध परक्या देशातील न्यायालयाने निकाल दिला तर आमची न्यायालये तो अमलात आणणार नाहीत. म्हणजे छत्री आहे खरी, पण ती दुकानदाराच्या डोक्यावर धरलेली आहे.

याउलट ब्रिटनकडे पाहा. कंपनी कोठेही असो, ब्रिटिश ग्राहकाला खेळवायचे असेल तर ब्रिटनचाच परवाना घ्यावा लागेल, असे त्यांनी २०१४ साली ठरविले. २०२० च्या एप्रिलात क्रेडिट कार्डावर जुगार खेळण्यास बंदी केली. २०२१ साली यंत्राचा एक फेरा अडीच सेकंदांपेक्षा जलद फिरता कामा नये असे बंधन घातले. म्हणजे मघाशी मी ज्या वेगाविषयी बोललो त्या वेगालाच लगाम घातला. तेथे जुगाराचा प्रश्न सुटला असे मी म्हणत नाही. परंतु परवाना खेळणाऱ्याच्या गावचा असेल तरच तो खेळणाऱ्याच्या उपयोगी पडतो, एवढे यावरून दिसते.

कामगाराला हे लगेच समजेल. कायद्याप्रमाणे कारखान्याला परवाना असतो, म्हणून निरीक्षक येऊ शकतो, नोंदवही तपासू शकतो, खटला भरू शकतो. तो कितपत येतो हा वेगळा विषय; पण त्याचे कार्यालय कोठे आहे हे आम्हांला ठाऊक असते आणि दारात बसता येते. ज्या परवान्याच्या निरीक्षकाच्या दारात आपल्याला बसता येत नाही, तो परवाना आपल्यासाठी नव्हे.

आपल्याकडचा कायदा काय म्हणतो? मुंबई प्रांताचा जुगारविरोधी कायदा १८८७ चा आहे. जुगार हा घटनेने संरक्षिलेला व्यापार नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली चमारबागवाला प्रकरणात सांगितले. गोव्याने कायद्यात दुरुस्त्या करून मांडवीच्या पात्रात कॅसिनोच्या बोटी उभ्या केल्या. महाराष्ट्रानेही १९७६ साली कॅसिनोचा कायदा केला होता. पण तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ साली मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचे ठरविले. २०२५ च्या ऑगस्टात संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा संमत केला. पैसे लावून खेळावयाचे सर्व ऑनलाइन खेळ, मग ते कसबाचे असोत वा दैवाचे, त्याने निषिद्ध ठरविले. चालविणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही, आणि हे मला योग्य वाटते. ई-स्पोर्ट्स म्हणजे माझ्या त्या तरुण गुरूच्या स्पर्धांना मात्र या कायद्याने मान्यता दिली आहे.

आणखी एक जुने कलम ध्यानात ठेवा. १८७२ च्या करार कायद्याच्या तिसाव्या कलमाप्रमाणे पैजेचा करार शून्यवत असतो. जिंकलेल्या पैशांसाठी दावा लावता येत नाही. आमच्या सभासदाचे ते चाळीस हजार कागदावरही त्याचे नव्हते.

आणि हे सारे दूरच्या बेटावर घडते असे मानू नका. २०२३ च्या जुलैत आपल्या नागपुरातल्याच एका व्यापाऱ्याने ऑनलाइन जुगारात सुमारे ५८ कोटींना फसल्याची तक्रार केली, आणि तपास गोंदियाला जाऊन पोहोचला. त्याच वर्षी नोव्हेंबरात केंद्र सरकारने बंद केलेल्या ‘महादेव’ ॲपच्या प्रकरणाचे धागे शेजारच्या भिलाईपर्यंत होते. या धंद्याचा पैसा फिरतो तो भाड्याच्या बँक खात्यांतून, आणि ती खाती असतात गरिबांची. चार-पाच हजारांसाठी बेकार पोरगा आपले पासबुक आणि सिमकार्ड देतो. पुढे पोलीस येतात ते त्याच्या दारी. हे वस्तीवस्तीत सांगण्याची जबाबदारी मी संघटनांची मानतो.

बंदी झाली म्हणजे काम संपले असे समजू नका. देशातली दुकाने मिटली की गिऱ्हाईक परदेशी पानांकडे वळते, आणि तेथे हाच ‘आंतरराष्ट्रीय’ शब्द त्याला दिलासा देतो. म्हणून तो शब्द आज फोडून दाखविला. पैसे फसवून गेले असतील तर तासाभरातही उशीर न करता १९३० या क्रमांकावर कळवावे; लाजेने घालविलेला दिवस चोराच्या पथ्यावर पडतो. पतपेढ्यांनी असा अर्ज आला तर माणसाला हाकलू नये. खासगी सावकार दाराबाहेर उभाच असतो. आम्ही त्या सभासदाला रोख कर्ज दिले नाही. त्याच्या तीन देणेकऱ्यांना बोलावून हप्ते बांधून दिले, आणि त्याच्या संमतीने त्याच्या पत्नीलाही त्या बैठकीस बसविले. तिला सारे तेव्हाच प्रथम कळले. त्या बाईने आवाज चढविला नाही. पगाराचा दिवस कोणता, हप्ता किती, एवढेच विचारून तिने ते वहीत लिहून घेतले.

त्याने मागितलेले पत्र मी लिहिले नाही. त्याला मी एवढेच म्हणालो, की ज्याचा पत्ता पाकिटावर लिहिता येत नाही त्याच्याशी पैशाचा व्यवहार करू नकोस. दोन हप्ते वेळेवर आले आहेत. तिसरा येत्या सात तारखेला आहे.