कोळसा उपसल्यावर जमीन कुणाची?

वणीत कोणी ‘कोळसा बंद करा’ म्हटलं, तर ऐकणारा आधी हसतो आणि मग विचारतो, ‘अन् खायचं काय?’ हवामानबदलावरच्या बहुतेक लेखांत या प्रश्नाला जागा नसते. उलट खाणीवर जगणाऱ्यांच्या बोलण्यात हवामानाला जागा नसते. यवतमाळ जिल्ह्यात या दोन्ही गोष्टी एकाच तालुक्यात नांदतात, म्हणून हा विषय इथूनच मांडलेला बरा.

आधी साधा हिशोब. आपल्याकडच्या कोळशात राख फार, तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत. त्यामुळे एक युनिट वीज करायला साधारण ६५० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो. त्यातला कार्बन हवेतल्या ऑक्सिजनला धरतो आणि जळालेल्या कोळशापेक्षा जास्त वजनाचा, जवळपास एक किलो कार्बन डायऑक्साइड धुराड्यातून बाहेर पडतो. वणीच्या शेजारच्या चंद्रपूर महाऔष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. ते सरासरी साठ टक्के भाराने चाललं असं धरू. वर्षाला सुमारे दीड हजार कोटी युनिट वीज, त्यासाठी एक कोटी टन कोळसा आणि दीड कोटी टन कार्बन डायऑक्साइड. हा वायू शेकडो वर्षं वातावरणात टिकतो. कापूस फुटायच्या वेळी येणारा अवकाळी पाऊस आणि जुलैत पडणारा लांबलचक खंड या दोन्हींची शक्यता तो वाढवतो. एखाद्या वर्षाच्या नापिकीचं खापर थेट चंद्रपूरच्या धुराड्यावर फोडता येणार नाही. पण कोरडवाहू जिल्ह्याने या हिशोबाकडे पाठ फिरवणं परवडणारं नाही.

मग केंद्र बंद करून सौरऊर्जा आणावी का? तेवढीच वीज सूर्यापासून घ्यायची तर सुमारे पावणेनऊ हजार मेगावॅटच्या सौरपट्ट्या लागतील, कारण सूर्य वर्षाच्या सरासरीने पाचव्या हिश्श्याइतकंच काम देतो. एका मेगावॅटला चार-पाच एकर धरले तर ३५ ते ४४ हजार एकर जमीन लागते. शिवाय संध्याकाळी सात वाजता, राज्यात दिवे, पंखे आणि टीव्ही एकदम लागतात तेव्हा सूर्य नसतो. वीज साठवायला बॅटऱ्या हव्यात, नाहीतर घाटघरसारखे प्रकल्प हवेत. घाटघरला वीज उरते तेव्हा पाणी वर चढवतात आणि गरजेच्या वेळी खाली सोडतात. पण त्याची क्षमता २५० मेगावॅटच आहे. २०२५ च्या मध्यात देशाच्या स्थापित क्षमतेतला निम्मा वाटा कोळसा, वायू, डिझेल वगळून झाला, अशी बातमी आली. बातमी खरी आहे. मात्र क्षमता म्हणजे प्रत्यक्ष वीज नव्हे. विजेचा सुमारे पाऊण हिस्सा अजून कोळशातूनच येतो आणि २०२४-२५ मध्ये देशाने कोळशाच्या उत्पादनात शंभर कोटी टनांचा टप्पा ओलांडला. २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत शेवटच्या घटकेला भारताच्या आग्रहाने ‘कोळसा बंद करणे’ऐवजी ‘टप्प्याटप्प्याने कमी करणे’ असे शब्द आले, ते या वास्तवातून.

तरीही माझं मत असं, की नवीन औष्णिक केंद्र बांधू नये आणि जुनी ठरलेल्या तारखेला थांबवावीत. त्याला हवामानाखेरीज एक इथलं कारण आहे. वणीचा कोळसा वीजकेंद्रांकडे जातो आणि आपल्या शेतकऱ्याला पंपासाठी बरेचदा रात्रीची लाईन मिळते. पांढरकवडा-राळेगाव भागात टी-१ वाघिणीची दहशत होती, ती नोव्हेंबर २०१८ मध्ये मारली गेली, त्या काळात रात्री ओलिताला जाणं म्हणजे काय होतं ते तिथल्या लोकांना विचारावं. उपकेंद्राजवळ छोटे सौरप्रकल्प उभारून शेतीला दिवसा वीज देणारी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना म्हणूनच मला मोठमोठ्या सौरउद्यानांपेक्षा मोलाची वाटते.

आता खरा गुंता. १९७३ मध्ये कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफिल्ड्स स्थापन झाली. उकणी, निलजई, मुंगोली, कोलारपिंपरी, जुनाड, घोन्सा ही नावं शेतापेक्षा खाणींसाठीच ओळखली जाऊ लागली. जमीन जाते ती प्रामुख्याने १९५७ च्या कोळसाधारक क्षेत्र कायद्याखाली. कोल इंडियाच्या २०१२ च्या पुनर्वसन धोरणात दोन एकरांमागे एक नोकरी हे सूत्र आहे. म्हणजे ज्याच्या नावे सातबारा, त्याच्या घरात पगार. त्याच वावरात निंदणाला आणि वेचणीला येणाऱ्या बायांच्या नावे सातबारा नव्हता. त्यांचं काम गेलं, पण ते कुठल्याच नोंदीत गेलं नाही. नंतर माती काढण्याचं काम कंत्राटदारांकडे गेलं आणि एकाच खाणीत कायम आणि कंत्राटी असे दोन वर्ग झाले. खाण बंद होते तेव्हा कायम कामगाराची दुसरीकडे बदली होते. कंत्राटी चालक, चहा टपरीवाला आणि ट्रकचा टायर दुरुस्त करणारा यांची कुठे होणार?

आणि खाण बंद होणार हे नक्की आहे, हवामानासाठी नाही तरी कोळसा संपतो म्हणून. वाद इतकाच, की कुणाला आधी सांगून ती बंद होते. मुंबईच्या गिरण्यांचं उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि मग प्रश्न उरला जमिनीचा. १९९१ च्या नियमात गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश शहराच्या मोकळ्या जागांना, एक तृतीयांश घरांना आणि उरलेला मालकाला मिळायचा होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली आणि बाकीच्या जागेवर मॉल व टॉवर उठले.

वणीत तोच प्रश्न दबक्या पावलांनी येतो आहे. एप्रिल २०२२ मध्ये केंद्र सरकारने कोळसा उपसून झालेली जमीन इतर कामांना वापरण्याचं धोरण मंजूर केलं. त्यात सौरप्रकल्प, वीजकेंद्र, कोळशाशी निगडित उद्योग अशी कामं आहेत. मालकी मात्र सरकारी कंपनीकडेच राहते, ती जमीन भाड्याने देऊ शकते. वाईट काही नाही. पण ज्याने कापसाचं वावर दिलं, त्याला परत काय मिळतं, याचा उल्लेख मला त्यात सापडत नाही. वावर गेलं, खड्डा आणि मातीचे डोंगर उरले, आणि खड्ड्याचं भाडंही दुसऱ्याला.

पैसा नाही असं मात्र म्हणता येणार नाही. कोळशावर मूल्याच्या १४ टक्के रॉयल्टी राज्याला मिळते. २०१५ पूर्वीच्या खाणपट्ट्यांकडून तिच्या ३० टक्के रक्कम वेगळी जिल्हा खनिज प्रतिष्ठानला जाते. टनाला दोन हजार रुपये भाव धरला तर रॉयल्टी २८० आणि प्रतिष्ठानचे ८४ रुपये. या पैशातून रस्ते, सभागृहं, प्रवेशद्वारं होतात; बंद होणाऱ्या खाणीभोवतीच्या मजुरांना दुसरा हुन्नर शिकवण्याचं काम क्वचित दिसतं. खाणकाम संपलेल्या भागासाठी दहा टक्क्यांपर्यंत कायम निधी राखण्याची मुभा २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांत आहे.

प्रत्येक खाणीला बंद करण्याची योजना करून त्यासाठीचे पैसे वेगळ्या एस्क्रो खात्यात भरावे लागतात. ती योजना आणि खात्यातली रक्कम माहिती अधिकाराच्या दहा रुपयांच्या अर्जाने मागता येते. खाणीजवळच्या गावांच्या ग्रामसभांनी हा अर्ज आधी करावा आणि त्या योजनेत शेवटची तारीख, मातीच्या ढिगाऱ्यांचं काय होणार, आणि जमीन कोणाच्या नावे होणार, हे तीन रकाने आधी बघावेत.