फोनची बॅटरी नेमकी कशाने मरते?

आजचा भाग एका व्हॉइस मेसेजमुळे झालाय. अकोल्याच्या एका मित्राने पाठवला, तो फूड डिलिव्हरी करतो. म्हणतो, "दादा, फोन घेऊन दीड वर्षसुद्धा झालं नाही. सकाळी १०० टक्के घेऊन निघतो, दुपारी २ वाजता बंद. मी तर काळजी घेतो. पूर्ण संपल्याशिवाय चार्जिंगला लावत नाही, १०० झाल्याशिवाय काढत नाही. तरी असं का?"

त्याचा फोन बंद म्हणजे ऑर्डर बंद, म्हणजे त्या दिवसाची कमाई अर्धी. त्यामुळे नीट उत्तर द्यायचं ठरवलं. आणि उत्तर थोडं वाईट आहे: मित्रा, तू ज्याला काळजी म्हणतोयस ना, त्यानेच बॅटरी लवकर थकतेय. निदान थोडी तरी.

"पूर्ण संपव, पूर्ण भर" हा नियम खोटा नव्हता बरं का. फक्त तो आपल्या बॅटरीचा नाही. आपल्या बाबा-काकांच्या पिढीच्या फोनमध्ये निकेलच्या बॅटऱ्या असायच्या, नोकिया ३३१० मध्ये मुळात यायची तीसुद्धा निकेलचीच. त्यातही जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या अर्धवट वापरून सारख्या चार्ज केल्या की त्यांना म्हणे "सवय" लागायची आणि त्या पूर्ण क्षमता देईनाशा व्हायच्या. म्हणून दुकानदार नवीन फोन हातात देताना सांगायचा, आधी ८ तास लावून ठेवा. फोन बदलले, सल्ला तसाच राहिला.

आता सगळीकडे लिथियम-आयन आहे. ही बॅटरी बाजारात आली १९९१ साली, सोनीने आणली. तिच्यामागच्या शोधासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तिला "सवय" वगैरे लागत नाही. तिचं दुखणं वेगळं आहे.

आत काय चालतं ते सोप्यात सांगतो. चार्ज करताना लिथियमचे कण एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाऊन बसतात, फोन वापरताना ते परत येतात. दरवेळी काही थोडे कण वाटेतच अडकतात, एका थरात कायमचे चिकटतात. ते पुन्हा कामाला येत नाहीत. तेवढी बॅटरी गेली. हे थांबवता येत नाही, पण त्याचा वेग आपल्या हातात आहे. बॅटरी जितकी गच्च भरलेली, तितका तिच्यावर विजेचा दाब जास्त. १०० टक्क्यांना साधारण ४.४ व्होल्टच्या आसपास असते, आणि या अवस्थेत आतली नको ती रसायनं जोरात काम करतात. त्यात उष्णता आली की आगीत तेल.

बॅटरी युनिव्हर्सिटी नावाची एक वेबसाइट आहे, तिथला एक तक्ता मला फार आवडतो. बॅटरी वर्षभर नुसती ठेवून दिली, वापरलीच नाही, तर किती उरते? ४० टक्के भरलेली, २५ अंशांत ठेवली तर ९६ टक्के क्षमता शिल्लक. तीच १०० टक्के भरून ठेवली तर ८०. आता तापमान ४० अंश करा. ४० टक्के भरलेली असेल तर ८५ उरते. आणि गच्च भरलेली? ६५. एकदाही न वापरता एका वर्षात तिसऱ्या हिश्श्याहून जास्त गेली!

आता आमच्या अकोल्याच्या मित्राकडे बघा. मे महिन्यात तिथे ४५ अंश. फोन हँडलच्या स्टँडवर, थेट उन्हात. मॅप चालू, ब्राइटनेस फुल, डेटा चालू, आणि गाडीच्या यूएसबीवरून दिवसभर चार्जिंग, म्हणजे फोन सतत ९५-१०० वर. तक्त्यातला सगळ्यात वाईट रकाना उचलून त्याने बाइकवर बसवलाय. (मी हसतोय, पण मागच्या उन्हाळ्यात कोकणात जाताना मीही हेच केलं होतं. फोन एवढा तापला की त्याने स्वतःच चार्जिंग थांबवलं, आणि मी मूर्खासारखा केबल हलवत बसलो.)

त्याला मी काय सांगितलं? स्टँडवर फोनला सावली कर, छोटी छत्री मिळते ती लाव किंवा घरी पुठ्ठ्याची कर. गाडी चालू असताना सतत चार्जिंग नको. ऑर्डरची वाट बघत सावलीत थांबतोस ना, तेव्हा लाव, ३०-४० वरून ७०-८० पर्यंत. सरळ लांब रस्ता असेल तर स्क्रीन बंद, मॅपचा आवाज चालू. जाड कव्हर उन्हाळ्यात काढून ठेव.

थोडं थोडं चार्ज केल्याने "सायकल" वाया जाते असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नसतं. एक सायकल म्हणजे एकूण १०० टक्के वापर. आज ५०, उद्या ५०, मिळून एक. दिवसात चार वेळा लावा, काही बिघडत नाही. उलट बॅटरीला तेच बरं. ॲपल सांगतं की आयफोन १४ पर्यंतच्या बॅटऱ्या ५०० सायकलनंतर ८० टक्के क्षमता राखतील अशा बनवल्यात, आयफोन १५ पासून १०००.

आता तुमच्या सगळ्यांचा लाडका प्रश्न, रात्रभर लावला तर? स्फोट होत नाही. फोन भरला की आतली चिप वीज घेणं थांबवते. पण पहाटेपर्यंत तो १०० वर बसून राहतो, आणि आपण त्याला उशीखाली झोपवतो! उशी काढा, फोन टेबलवर किंवा फरशीवर ठेवा. शिवाय सेटिंग्जमध्ये बॅटरीत जाऊन बघा, बऱ्याच नव्या फोनमध्ये ८० टक्क्यांवर थांबायची सोय असते, किंवा तुमच्या उठायच्या वेळेपर्यंत शेवटचा टप्पा लांबवायची. आयफोनला ही दुसरी सोय २०१९ पासून आहे. ती चालू करा आणि विसरून जा. अलार्म लावून रात्री ३ ला प्लग काढणारी माणसं मला माहीत आहेत, एवढं करू नका राव. आणि उद्या प्रवास असेल तर बिनधास्त १०० करा, बॅटरी आपल्यासाठी आहे.

फास्ट चार्जिंगची भीती मला थोडी जास्तच वाटते. फोन जोरात वीज घेतो तो सुरुवातीला, ८० च्या पुढे आपोआप हळू होतो. त्रास होतो तो चार्जिंगला लावून गेम खेळताना, कारण दोन्हीकडून उष्णता. वायरलेस चार्जरही जास्त तापतो. आणि तापलेला फोन फ्रिजमध्ये ठेवू नका, आत पाणी धरतं. पंख्याखाली ठेवा, पुरे.

जुना फोन कपाटात टाकायचा असेल तर ५० टक्क्यांच्या आसपास ठेवून बंद करा.

एक गोष्ट मात्र गंमतीची नाही. फोनची पाठ फुगली, स्क्रीन कडेने उचलली गेली, तर आत गॅस झालाय. चार्जिंग लगेच बंद. दाबायचं नाही, टोचायचं नाही, यूट्यूब बघून घरी उघडायचं नाही. सर्व्हिस सेंटरला न्या. बदललेली बॅटरी कचऱ्याच्या डब्यात नको, ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

अकोल्याच्या मित्राच्या बॅटरीची गेलेली क्षमता परत येणार नाही, ती बदलावीच लागेल. बदलताना कंपनीची बॅटरी आणि बाजारातली बॅटरी यात काय बघायचं, ते पुढच्या भागात. तोवर त्याने पुठ्ठ्याच्या छत्रीचा फोटो पाठवलाय. बिस्किटाच्या खोक्याची आहे, भारी दिसते!