वायफाय सुरू, मग एखादीच वेबसाइट का उघडत नाही?

यूट्यूब सुरळीत चालतं, पण फॉर्म भरायची वेबसाइट काही केल्या उघडत नाही आणि आज शेवटची तारीख! अशा वेळी आधी मोबाइल डेटावर तीच साइट उघडून पाहा. तिथेही उघडली नाही, तर बिघाड बहुधा साइटचाच. उघडली, तर अडचण घरच्या कनेक्शनमध्ये आहे. फॉर्म तूर्त हॉटस्पॉटवरून भरून टाका.

अनेकदा दोष डीएनएसचा असतो. वेबसाइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधून देणारी ही इंटरनेटची डिरेक्टरी. राउटर बंद करून पुन्हा सुरू करा. फरक पडला नाही, तर राउटरच्या सेटिंगमध्ये गूगलचा ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ हा डीएनएस इंग्रजी अंकांत टाका.

तरीही अडलं, तर 'मोबाइल डेटावर उघडते, वायफायवर नाही' असं इंटरनेट कंपनीला नेमकं सांगा.