कर्णनाद : शांततेतील गोंगाट आणि श्रवणयंत्राची सोबत

रात्री घरातील दिवे मालवले जातात, रस्त्यावरची वर्दळ ओसरते आणि नेमक्या त्याच वेळी काहींच्या कानांत रातकिडे किरकिरू लागतात. कुणाला शिट्टी ऐकू येते, तर कुणाला कुकरची वाफ सुटल्यासारखा आवाज. शेजारी झोपलेल्या माणसाला मात्र यांपैकी काहीच ऐकू येत नाही. म्हणूनच या दुखण्याचा एकटेपणा मोठा असतो.

वैद्यकशास्त्र याला ‘टिनिटस’ म्हणते. सुश्रुतसंहितेतील कर्णरोगांत तो ‘कर्णनाद’ या नावाने आढळतो. थोर संगीतकार बीथोव्हेन यांनीही १८०१ साली आपल्या वैद्य मित्राला लिहिलेल्या पत्रात हीच व्यथा मांडली होती.

आपल्या अंतर्कर्णात सुमारे १५,००० सूक्ष्म केशपेशी असतात. वाढते वय, यंत्रांचा वा फटाक्यांचा कर्कश आवाज, काही औषधे यांमुळे त्या नष्ट होतात आणि मनुष्यात त्या पुन्हा निर्माण होत नाहीत. कानाकडून येणारा संदेश क्षीण झाला की ती उणीव भरून काढण्यासाठी मेंदू स्वतःची संवेदनक्षमता वाढवतो, असे अनेक संशोधक मानतात. रेडिओचे केंद्र नीट लागत नसताना आवाज वाढवला की खरखरच अधिक ऐकू येते, तसाच हा प्रकार होय.

यावर उतारा शांततेत नसून आवाजातच आहे, हे १९७० च्या दशकात अमेरिकेतील पोर्टलंड शहरी एका कारंज्याने दाखवून दिले. कर्णनादाने त्रस्त असलेले डॉ. चार्ल्स युनिस हे संशोधक जॅक व्हर्नन यांच्यासमवेत त्या कारंज्यापाशी आले असता, पाण्याच्या आवाजात आपल्या कानातील नाद ऐकू येत नसल्याचे त्यांना जाणवले. या अनुभवातून प्रेरणा घेऊन व्हर्नन यांनी कर्णनाद झाकणारी उपकरणे विकसित केली.

श्रवणदोष असलेल्यांसाठी श्रवणयंत्र बरेचसे हेच काम करते. पंख्याची घरघर, पाखरांची किलबिल, स्वयंपाकघरातील भांड्यांचा आवाज हे हरवलेले ध्वनी ते परत आणते आणि त्यांच्या गर्दीत आतला नाद मागे पडतो. संभाषण ऐकण्याचा ताण हलका झाल्याने मनालाही विसावा मिळतो. यंत्र नाद समूळ नष्ट करीत नाही, ते काढल्यावर तो पुन्हा जाणवू शकतो आणि प्रत्येकाला सारखा लाभ होईलच असेही नाही. तरीही अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत, सतत त्रासदायक कर्णनादासोबत श्रवणदोष असल्यास श्रवणयंत्राची उपयुक्तता तपासून पाहावी, असे म्हटले आहे. जिंको, जस्त यांसारखी पूरके मात्र सुचवू नयेत, असेही तेथे नमूद आहे.

यंत्रावर पैसे खर्च करण्यापूर्वी तज्ज्ञांकडून कान तपासून ऑडिओग्राम काढणे अगत्याचे आहे. नाद एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्यांसारखा असेल वा ऐकणे अचानक कमी झाले असेल, तर तपासणीस विलंब करू नये. यंत्र आपल्या ऑडिओग्रामनुसार जुळवून घ्यावे आणि काही आठवडे नियमित वापरून पाहावे. रात्री यंत्र काढल्यावर पंख्याचा वा मंद संगीताचा आधार घेता येतो. म्हैसूर येथील अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था आणि मुंबईतील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था येथे श्रवणतपासणीची सोय आहे. अल्प उत्पन्न गटातील पात्र व्यक्तींना केंद्र शासनाच्या ‘ॲडिप’ योजनेतून श्रवणयंत्रासाठी साहाय्य मिळू शकते.

चष्मा लावताना कुणी संकोचत नाही. तीच सहजता श्रवणयंत्राच्याही वाट्याला यावी. शाखेच्या काउंटरवर असे यंत्र लावलेले ज्येष्ठ ग्राहक आले, तर ओरडून बोलण्याऐवजी त्यांच्याकडे पाहून, सावकाश व स्पष्ट बोलावे. एकट्याने कर्णनाद सोसणाऱ्या माणसाला तेवढी आस्थाही मोठा दिलासा देऊन जाते.