आत्मप्रीती आणि सुख

स्वतःवर प्रेम करावे, असे कोणी म्हटले की आपल्याकडील सुसंस्कृत मनुष्य थोडा चपापतो. 'मी'पणाचा त्याग ही आपल्या संतांची शिकवण. मग आत्मप्रीती हे स्वार्थाचेच गोंडस नाव नव्हे काय? ही शंका अस्थानी नाही. तिचा उलगडा झाल्यावाचून मात्र सुखाचा विचार पुढे सरकत नाही, असे आम्हांस वाटते.

एरिक फ्रॉम या मनोविश्लेषकाने १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या 'द आर्ट ऑफ लव्हिंग' या ग्रंथात या शंकेचा परामर्श घेतला आहे. स्वार्थी मनुष्याचे स्वतःवर अतोनात प्रेम असते, ही समजूत त्याला मान्य नाही. त्याच्या मते अशा मनुष्याचे स्वतःवर प्रेम नसतेच; आतले रितेपण भरून काढण्यासाठी तो बाहेरचे ओरबाडीत राहतो. मनुष्यमात्रावर प्रेम करणे हा सद्गुण असेल, तर त्या मनुष्यमात्रातून स्वतःलाच वगळण्याचे कारण काय?

आपल्या वाचकांना हा विचार अगदीच परका वाटू नये. समर्थ रामदासांच्या 'मनाच्या श्लोकां'ची संख्या २०५ आहे. त्यांत मनाच्या कामक्रोधांची गय केलेली नाही. परंतु आरंभीच समर्थ त्या मनाला 'सज्जन' म्हणून हाक मारतात. दोष दाखवावयाचे, पण दोषी म्हणून हिणवावयाचे नाही, हा विवेक त्या एका संबोधनात सामावला आहे. मनाशी वैर धरून त्याला सुधारता येत नाही.

अलीकडच्या मानसशास्त्रात अमेरिकेतील क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये हीच वृत्ती अभ्यासाचा विषय केली. तिला आपण 'आत्मानुकंपा' म्हणू. तिची अंगे तीन : अपयशाच्या वेळी स्वतःशी ममतेने वागणे; चुका व दुःखे सर्वांच्याच वाट्याला येतात याचे भान ठेवणे; आणि व्यथा न दडवता, परंतु तिच्यात वाहूनही न जाता, तिच्याकडे पाहणे. इतरांपेक्षा आपण सरस आहोत, या भावनेची येथे गरज नाही. म्हणूनच अहंकार स्पर्धेत हरताच कोसळतो, आत्मप्रीती मात्र पराभवातही सोबत करते.

हा प्रश्न आम्हां शिक्षकांना विशेष जवळचा आहे. बेळगावकडील मराठीला कानडीचे वळण असते, इंदूरकडील मराठीत हिंदी शब्द सहज मिसळतात, बडोद्याच्या बोलण्यात गुजरातीची छटा उमटते. घरची अशी बोली घेऊन आलेल्या मुलाला वर्गात हसले, तर ते मूल शुद्ध बोलू लागत नाही. ते गप्प होते. पुढे तेच मोठे होऊन 'आमची मराठी काही खरी नव्हे' असे म्हणत सभेच्या मागच्या रांगेत बसते. आपल्यापैकी किती जणांनी हे वाक्य स्वतःविषयी उच्चारले असेल! जी लाज आपण उराशी जपली, तीच नकळत आपण मुलांच्या हाती देतो. प्रमाण भाषा अवश्य शिकवावी. पण ती घरच्या बोलीशेजारी आणून ठेवावी, तिला हुसकून नव्हे.

तेव्हा आत्मप्रीती शिकावयाची ती कशी? आम्ही एक साधी कसोटी सुचवितो. दिवसभरातील चूक आठवून मन स्वतःवर चिडते, त्या घटकेला विचारावे : हेच शब्द आपण आपल्या एखाद्या धडपडणाऱ्या विद्यार्थ्याला ऐकविले असते काय? नसतील, तर ते स्वतःलाही ऐकवू नयेत. चूक मात्र विसरू नये. ती दुसऱ्या दिवशी दुरुस्त करावी. दुःखे याने संपणार नाहीत. पण त्यांच्या काळात आपल्याच घरात आपण परके राहणार नाही, आणि सुखाचा आरंभ बहुधा तेथूनच होतो.