निवृत्त नाविकांचा निवारा : बंदरापासून घरापर्यंत

रत्नागिरी, रायगड व सिंधुदुर्ग जिल्ह्यांच्या किनारपट्टीवर अशी कितीतरी गावे आहेत की, जेथील पुरुष पिढ्यान् पिढ्या जहाजावर जात आले. सारंग, तांडेल, सुकाणी, भंडारी, आगवाला, तेलवाला हे जहाजावरील हुद्दे तेथील मुलांनाही तोंडपाठ असतात. तरुणपणी बंदर सोडलेला हा माणूस साठीच्या सुमारास कायमचा गावी परततो. त्या परतण्याची तयारी मात्र कोणी केलेली नसते. ना त्याने, ना त्याच्या घरच्यांनी, ना ज्या व्यवसायात त्याचे आयुष्य गेले त्या व्यवसायाने.

नागपूरच्या वाचकास हा प्रश्न दूरचा वाटण्याचा संभव आहे. पण तुलना करून पाहावी. नागपुरात 1877 मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाली आणि तिच्या आसपास कामगारांच्या वस्त्या वाढल्या. गिरणीतून निवृत्त झालेला कामगार त्याच गल्लीत, त्याच सोबत्यांमध्ये म्हातारा होई. खलाशाचे तसे नाही. त्याचे कामाचे ठिकाण त्याला किनाऱ्यावर उतरवून निघून जाते आणि ज्यांच्याबरोबर त्याने दिवस काढले ते सोबती निरनिराळ्या राज्यांत व देशांत पांगतात. ज्या घरी तो येतो ते घर त्याच्या गैरहजेरीत चालण्यास सरावलेले असते. वर्षातील आठ-नऊ महिने बाहेर असणाऱ्या गृहस्थाची कुटुंबातील जागा पाहुण्यासारखी होते, हे कोकणातील कोणतीही वृद्ध स्त्री सांगू शकेल.

नाविकांसाठी इमारती उभारल्या गेल्या नाहीत असे नाही. मुंबईत 1870 मध्ये ड्यूक ऑफ एडिंबरो प्रिन्स आल्फ्रेड यांच्या हस्ते 'रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम'ची कोनशिला बसविण्यात आली. फ्रेडरिक स्टीव्हन्स यांनी आराखडा केलेली ही वास्तू 1876 मध्ये पूर्ण झाली. पुढे 1928 पासून ती विधिमंडळाच्या कामासाठी वापरली जाऊ लागली आणि 1981 मध्ये नरिमन पॉइंट येथील नवे विधान भवन होईपर्यंत राज्याचे कायदे तेथेच संमत होत होते. (अर्थात, हिवाळी अधिवेशनासाठी 1960 पासून विधिमंडळ नागपुरास येते, ते वेगळे.) आता तेथे राज्य पोलिसांचे मुख्यालय आहे. मस्जिद बंदर येथील 'इंडियन सेलर्स होम'मध्ये पहिल्या महायुद्धात समुद्रावर मृत्यू पावलेल्या दोन हजारांहून अधिक भारतीय नाविकांचे स्मारक आहे. गोव्याच्या तारवटींनी तर धोबीतलाव परिसरात गावागावांचे 'कूड' स्थापन करून आपली सोय आपणच केली. या सर्व ठिकाणांत एक गोष्ट समान आढळते. ती दोन सफरींमधील मुक्कामाची ठिकाणे होती. सफर कायमची संपल्यावर राहण्याचा विचार त्यांच्या रचनेत नव्हता.

परदेशांत असा विचार झाला, आणि त्याचा अनुभव आपल्या उपयोगी पडण्यासारखा आहे. इंग्लंडमध्ये 1694 मध्ये युद्धनौकांवरील वृद्ध व जायबंदी खलाशांसाठी ग्रिनिच येथे राजाश्रयाने संस्था स्थापन झाली. ख्रिस्तोफर रेन यांच्यासारख्या श्रेष्ठ वास्तुशिल्पज्ञाने तिची रचना केली. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी तेथे सुमारे 2,700 वृद्ध राहत. वास्तू राजवाड्याला शोभेल अशी होती. परंतु बायकामुलांना तेथे जागा नव्हती आणि दिवसभर करण्यास कामही नव्हते. 1865 मध्ये निवृत्तिवेतन घेऊन घरी जाण्याची मुभा मिळताच बहुसंख्य रहिवाशांनी घरचा रस्ता धरला आणि 1869 मध्ये संस्था बंद झाली. अमेरिकेत कॅप्टन रॉबर्ट रँडल यांच्या 1801 च्या मृत्युपत्रानुसार न्यूयॉर्कजवळ स्टेटन बेटावर 'सेलर्स स्नग हार्बर' हे आश्रयस्थान 1833 मध्ये उघडले. मॅनहॅटनमधील जमिनीच्या भाड्यावर ते चाले. विसाव्या शतकात सामाजिक सुरक्षेचे निवृत्तिवेतन सुरू झाल्यावर तेथील गर्दीही ओसरली आणि 1976 मध्ये उरलेल्या वृद्धांसह संस्था नॉर्थ कॅरोलिनात हलविण्यात आली. हातात दरमहा पैसा आला की खलाशी घर पसंत करतो, असाच या दोन्ही उदाहरणांचा अर्थ होतो. म्हणून निवाऱ्याची योजना इमारतीच्या नकाशापासून नव्हे, तर उत्पन्नापासून सुरू करावी लागते.

आपल्याकडे अडचण येथेच आहे. नाविक भविष्य निर्वाह निधी अधिनियम 1966 मध्ये झाला. त्याखाली नाविक व मालक या दोघांच्या वर्गणीतून जमलेली रक्कम निवृत्तीनंतर मिळते. ही रक्कम एकदम येते आणि कोकणात ती बहुधा एकदमच जाते: घराचे छप्पर, मुलीचे लग्न, मुलाच्या नोकरीची खटपट. शिवाय नाविकाची नेमणूक करारावर, सफरीपुरती असते. दोन करारांमधील रिकामे महिने हिशेबात येत नाहीत. सागरी श्रम संहिता, 2006 भारताने 2015 मध्ये स्वीकारली असून तिच्यातील सामाजिक सुरक्षेच्या शाखांत वार्धक्यलाभाचा समावेश आहे. गोव्याने 2012 च्या योजनेद्वारे निवृत्त नाविक व त्यांच्या विधवा यांना दरमहा 2,500 रुपये देण्याचे ठरविले. महाराष्ट्रात श्रावणबाळ योजनेखाली 65 वर्षांवरील निराधार वृद्धास दरमहा 1,500 रुपये मिळतात; पण वार्षिक 21,000 रुपयांची कौटुंबिक उत्पन्नमर्यादा पाहता, ज्याचा मुलगा मुंबईत लहानशी नोकरी करतो असा खलाशी तिच्यात सहसा बसत नाही, मग तो मुलगा पैसे पाठवो अथवा न पाठवो. अशा वेळी आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह अधिनियम, 2007 खाली प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. ही वाट गावात फार थोड्यांना ठाऊक आहे आणि ज्यांना ठाऊक आहे ते मुलाविरुद्ध अर्ज करावयास धजत नाहीत.

आता प्रत्यक्ष घराकडे वळू. कोकणी घर उंच जोत्यावर असते. अंगणातून ओटीवर यावयास चार-पाच पायऱ्या, दाराला उंच उंबरठा, न्हाणी मागल्या दारी आणि शौचकूप त्याहून पलीकडे. मुसळधार पावसाच्या मुलखात ही रचना शहाणपणाचीच होती. परंतु आयुष्यभर लोखंडी शिड्या चढून गुडघे झिजविलेल्या माणसास तीच घातक ठरते. पावसाळ्यात जांभ्याच्या चिऱ्यांवर शेवाळ धरते आणि रात्री मागल्या दारी जाताना पाय घसरतो. उपाय खर्चाचे नाहीत. एक फूट उंचीस बारा फूट लांबी या प्रमाणात उतरण, तिला दोन्ही बाजूंनी धरावयास दांडा, घराच्या छपराखाली बसण्याच्या भांड्याचे शौचकूप, त्याशेजारी भिंतीत पक्की बसविलेली नळी, खरखरीत फरशी आणि बिछान्यापासून हाताशी येणारे दिव्याचे बटण. जहाजावर प्रत्येक जिन्याला कठडा असतो व प्रत्येक वस्तूला ठरलेली जागा असते. त्यामुळे ही व्यवस्था निवृत्त खलाशास परकी वाटत नाही. घरातील इतरांनाच ती नवी असते.

समुद्राने शरीरावर ठेवलेल्या काही खुणा मात्र डोळ्यांना दिसत नाहीत. इंजिनखोलीत वीस-पंचवीस वर्षे काम केलेल्यांची श्रवणशक्ती हळूहळू मंदावते. म्हातारा तऱ्हेवाईक झाला, हाक मारली तरी ओ देत नाही, असे घरचे म्हणतात. खरे तर त्याला ऐकू येत नसते. जुन्या जहाजांत वाफेच्या नळांभोवती ॲस्बेस्टॉसचे वेष्टन असे. नव्या जहाजबांधणीत त्याचा वापर 2011 पासून पूर्णतः वर्ज्य झाला, तरी त्याच्या तंतूंमुळे होणारे फुप्फुसाचे रोग संपर्कानंतर वीस-तीस वर्षांनीही प्रकट होतात. यास्तव जुनाट खोकला घेऊन आलेल्या वृद्धाला 'पूर्वी कोठे काम करीत होता' एवढा एक प्रश्न प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारला गेला तरी निदानाची दिशा बदलू शकते. आणखी एक सवय लक्षात घेण्याजोगी आहे. जहाजावर चार तास पहारा, आठ तास विश्रांती असा क्रम चालतो. मध्यरात्री जागा होऊन पहाटे चारला चहा मागणारा म्हातारा आजारीच असतो असे नाही. त्याचे शरीर जुन्या घड्याळावर चालत असते. त्याला झोपेच्या गोळ्यांपेक्षा चालण्यास उजेडाचा व्हरांडा अधिक उपयोगी.

ज्यांना घरच उरले नाही त्यांच्यासाठी सामूहिक निवास लागेलच. 2007 च्या अधिनियमात प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 निराधार वृद्धांची सोय होईल असे निवासगृह कल्पिलेले आहे. तथापि दीडशे खाटांची इमारत जिल्ह्याच्या ठिकाणी उभी राहिली तर गुहागर वा देवगडचा खलाशी तेथे जाणार नाही. गेला तरी रमणार नाही. दहा-पंधरा जणांचे लहान निवास बंदराच्या गावी, आरोग्य केंद्रापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर असावे. नवराबायकोंस एकत्र राहता येईल अशा खोल्या हव्यात. लंडनमधील माईल एंड येथील 1695 च्या ट्रिनिटी निवासगृहात खलाशांच्या विधवांनाही स्थान होते, हे येथे आठवावे. खोली लहान चालेल, जेवणाची जागा मोठी हवी, कारण वर्षानुवर्षे पंगतीत जेवलेल्यास एकट्याचे ताट गोड लागत नाही. स्वयंपाकघरात निवृत्त भंडाऱ्यास व दुरुस्तीच्या खोलीत निवृत्त तेलवाल्यास शिरण्याची मुभा असावी. व्यवस्थापकास ही लुडबुड वाटेल, ती सोसावी.

पंचायतीस आज, कोणत्याही मंजुरीची वाट न पाहता करता येण्याजोगे एक काम आहे. गावातील निवृत्त नाविकांची यादी करून प्रत्येकाचे सेवापुस्तक, म्हणजे ज्यास सीडीसी म्हणतात ते, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक आणि नामनिर्देशन यांची नोंद ग्रामसेवकाने अथवा शाळेतील शिक्षकाने लिहून ठेवावी. माणूस हयात असताना हे तासाभराचे काम आहे. त्याच्या पश्चात मुंबईच्या कार्यालयाशी पत्रव्यवहार करावयास बसलेल्या विधवेला नवरा कोणत्या कंपनीच्या कोणत्या जहाजावर होता, हेही पुष्कळदा सांगता येत नाही.