जलगुहा आणि मृत्यूचा हिशेब

इ. स. २०१८ च्या जून-जुलै महिन्यांत थायलंडमधील थाम लुआंग या गुहेंत पुराच्या पाण्यानें कोंडलेलीं बारा मुलें व त्यांचा तरुण फुटबॉल-शिक्षक यांच्या सुटकेकडे सर्व जगाचे डोळे लागले होते. तीं तेराहि माणसें सुखरूप बाहेर आलीं. परंतु त्यांच्यासाठीं गुहेंत हवेचीं नळकांडीं ठेवून परत येत असतां समान कुनान हा थायी नौदलाचा माजी सैनिक पाण्यांतच बेशुद्ध झाला, आणि ६ जुलै रोजीं मरण पावला. पाण्याची पूर्ण संवय असलेला धट्टाकट्टा माणूस गुहेंतील पाण्यांत दगावतो कसा, हा प्रश्न त्या वेळीं पुष्कळांच्या मनांत आला असेल. गुहांत बुड्या मारणाऱ्या पाणबुड्यांनीं या प्रश्नाचें उत्तर शोधण्याची एक रीत घालून घेतली आहे. ती कठोर आहे, पण समजून घेण्याजोगी आहे.

उघड्या समुद्रांत बुडी मारणाऱ्याच्या डोक्यावर पाणी असतें आणि पाण्यावर आकाश. कांहीं बिघडलें तर वर येण्याची वाट मोकळी असते. गुहेंत डोक्यावर खडक असतो. तीनशें मीटर आंत गेलेल्याला हवेंत डोकें काढण्यासाठीं तेच तीनशें मीटर परत यावें लागतें. गुहेच्या तळाशीं युगानुयुगें सांचलेला गाळ पिठासारखा मऊ असतो. पायांना बांधलेल्या रबरी पंखांचा एक चुकीचा फटकारा बसला कीं तो उसळतो आणि कांचेसारखें स्वच्छ पाणी क्षणांत गढूळ होतें. मग दिवा असून नसल्यासारखा. डोळ्यांपुढें धरलेला हातहि दिसत नाहीं. दिशेचें भान सुटतें, आणि बाहेर पडूं पाहणारा माणूस अधिकच आंत शिरतो. म्हणून गुहेच्या तोंडापासून एक अखंड दोरी आंतपर्यंत नेलेली असते. अंधारांत बोटांनीं ती चांचपीत बाहेर यावें लागतें.

हवेचा हिशेब तर याहूनहि कडक आहे. बारा लिटर मापाच्या नळकांड्यांत दोनशें पट दाबानें हवा भरली, तर ती सुमारें २४०० लिटर होते. पाण्याच्या पृष्ठभागावर मिनिटास २० लिटर हवा लागते असें धरल्यास हा सांठा दोन तास पुरेल. परंतु पाण्यांत दर दहा मीटर खोलीस एका वातावरणाइतका दाब वाढतो. ३० मीटरांवर तो चौपट होतो, आणि तेथें प्रत्येक श्वासास चौपट हवा खर्ची पडते. दोन तासांचा सांठा अवघ्या ३० मिनिटांत संपतो. भीतीनें श्वास जलद झाला तर त्याहूनहि लवकर. यासाठीं तिसऱ्या हिश्श्याचा नियम आहे. एक हिस्सा आंत जाण्यास, एक परत येण्यास, आणि उरलेला अडीअडचणीस, विशेषतः ज्याची हवा संपली अशा सोबत्यास. म्हणजे ३० मिनिटांपैकीं पुढें जाण्याचीं मिनिटें दहाच. तो हिस्सा सरला कीं समोर कितीहि सुंदर दालन दिसत असो, मागें वळलेंच पाहिजे.

असे नियम कोणी घरीं बसून रचलेले नाहींत. अमेरिकेंतील फ्लॉरिडा राज्यांत चुनखडीच्या खडकांतून निघणारे अनेक निर्मळ झरे आहेत आणि त्यांच्या पोटांत लांबच लांब गुहा आहेत. १९६० नंतरच्या दोन दशकांत तेथें कितीतरी तरुण बुडाले. शेक एक्सली हा त्याच राज्यांतील एका शाळेंत गणित शिकवीत असे, आणि गुहांत बुड्या मारण्यांत त्याचा हात धरणारे थोडे होते. त्यानें या अपघातांची चिकित्सा करून १९७९ सालीं एक लहानसें पुस्तक प्रसिद्ध केलें. बहुतेक मृत्यूंच्या मुळाशीं त्याला तीन चुका आढळल्या : बाहेरपर्यंत अखंड दोरी नसणें, परतीसाठीं पुरेशी हवा न राखणें, आणि झेपेल त्याहून खोल जाणें. पुढें त्यांत आणखी दोन गोष्टींची भर पडली. गुहेचें स्वतंत्र शिक्षण घेतल्यावांचून आंत जाऊं नये, आणि प्रत्येकाजवळ निदान तीन दिवे असावेत. मृतांमध्यें उघड्या पाण्यांतील बुड्या शिकविणारे शिक्षकहि होते. समुद्रांतील कौशल्य गुहेंत पुरें पडत नाहीं. उलट फाजील विश्वास मात्र देतें.

गुहेंत कोणास मरण आलें म्हणजे प्रेत आणण्याचें काम अनुभवी गुहापाणबुड्यांवरच येतें, आणि पुष्कळदां ते मृताचे स्नेहीच असतात. ते शोक आवरून प्रथम निरीक्षण करतात. नळकांड्यांत हवा किती उरली, तोट्या उघड्या होत्या कीं बंद, दोरी हातापासून किती दूर होती, दिवे कोणत्या स्थितींत होते, हें सर्व टिपून घेतात. त्यावरून अपघाताचें कारण शोधून तें इतर पाणबुड्यांपुढें ठेवलें जातें. बाहेरच्यास ही रीत निष्ठुर वाटते. गेलेल्याचे दोष काढूं नयेत असा शिष्टाचार आहे, आणि मुलगा गमावलेल्या आईबापांना तर त्याच्या चुकीचा उच्चारहि सहन होणें कठीण. परंतु चूक झांकली तर तीच चूक तेंच दुःख दुसऱ्याच्या घरीं घेऊन जाईल, असें पाणबुडे मानतात. ‘पुढच्यास ठेंच, मागचा शहाणा’ ही म्हण खरी. पण पुढच्यास ठेंच कोठें लागली हें मागच्यास कोणी सांगितलेंच नाहीं, तर तो शहाणा व्हावा कसा?

या चिकित्सेंत एक धोकाहि आहे. ‘त्यानें नियम मोडला म्हणून तो गेला, मी नियम पाळतों, मला भय नाहीं,’ असें म्हणून मनाची समजूत घालणें सोपें असतें. ६ एप्रिल १९९४ रोजीं या समजुतीला मोठा धक्का बसला. मेक्सिकोंतील साकातोन या तीनशें मीटरांहून खोल जलविवरांत उतरलेला खुद्द एक्सली परत आला नाहीं. तीन दिवसांनीं त्याचें प्रेत वर आलें, तेव्हां खालीं सोडलेल्या दोरीचे वेढे त्याच्या अंगाभोंवतीं होते. तो दोरींत अडकला, कीं आपलें प्रेत शोधण्यासाठीं दुसऱ्यांनीं जीव धोक्यांत घालूं नये म्हणून त्यानेंच ती गुंडाळून घेतली, याचा उलगडा झाला नाहीं. इतरांच्या मृत्यूचा हिशेब मांडणाऱ्याचा स्वतःचा हिशेब अपुराच राहिला.

प्रेत बाहेर आणण्याच्या कर्तव्यालाहि मर्यादा आहे. दक्षिण आफ्रिकेंतील बोसमन्सगाट या जलगुहेंत डिसेंबर १९९४ मध्यें एक वीस वर्षांचा तरुण बुडाला. दहा वर्षांनीं, ऑक्टोबर २००४ मध्यें, डेव्हिड शॉ या ऑस्ट्रेलियन वैमानिकाला २७० मीटर खोलीवर त्याचें प्रेत दिसलें. मुलाच्या आईबापांसाठीं तें वर आणण्याचा त्यानें निश्चय केला. ८ जानेवारी २००५ रोजीं तो पुन्हां उतरला. तेथें दाब सुमारें अठ्ठावीस पट असतो. श्वासाचा वायु दाट होतो आणि थोड्याशा श्रमानेंहि धाप लागते. प्रेत पिशवींत घालण्याच्या खटपटींत दिव्याची तार दोरींत गुंतली, श्रम वाढले, उच्छ्वासांतील कार्बन डायऑक्साइड शरीरांत सांचला, आणि शॉ तेथेंच गतप्राण झाला. चार दिवसांनीं दोऱ्या ओढून घेतांना त्याचें व त्या तरुणाचें अशीं दोन्ही प्रेतें वर आलीं. त्याच्या शिरस्त्राणावरील कॅमेऱ्यानें शेवटचे क्षण टिपले होते. सहकाऱ्यांनीं मन घट्ट करून तें चित्रण पाहिलें, आणि म्हणूनच हें कारण कळूं शकलें.

मृतासाठीं जिवंतानें किती धोका पत्करावा, या प्रश्नाचें एकच उत्तर पाणबुड्यांजवळहि नाहीं. २०१४ सालीं नॉर्वेमधील प्लुरा गुहेंत दोन फिनिश पाणबुडे मरण पावले. तेथें गेलेल्या निष्णात ब्रिटिश पाणबुड्यांनीं काम फार धोक्याचें ठरवून माघार घेतली. पुढें मृतांच्या मित्रांनीं गुपचूप जाऊन दोघांनाहि बाहेर आणलें. माघार घेणाऱ्यांना भित्रे म्हणतां येत नाहीं, आणि आंत गेलेल्यांना अविचारी म्हणतांना जीभ अडखळते.

फ्लॉरिडांतील कित्येक जलगुहांच्या तोंडाशीं पाण्याखालींच एक पाटी उभी केलेली आहे. तीवर काळपुरुषाचें चित्र आहे, आणि गुहेचें शिक्षण न घेतलेल्यानें येथून पुढें जाऊं नये अशी स्पष्ट सूचना आहे. ती वाचून मुकाट्यानें परत फिरणाऱ्याचें नांव कोणत्याहि नोंदींत येत नाहीं. पण मृतांच्या त्या साऱ्या नोंदी त्याच्याचसाठीं ठेवलेल्या असतात.